बडोद्यातलं पहिल्या वर्षाचं फिजिऑलॉजी किट: कामाचं काय, नुसतं खुळखुळणारं काय

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की बडोद्याच्या एसएसजी या सरकारी रुग्णालयाच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत काउंटरवर एक रेक्झिनचा डबा रांगेनं मांडला जातो. एमबीबीएस असो, फिजिओथेरपी असो, होमिओपॅथी असो की लॅब टेक्निशियनचा कोर्स, 'फिजिऑलॉजीचं' (शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं) किट मागितलं की हाच डबा पुढे येतो. आत न्यूबॉअर चेंबर (रक्तपेशी मोजायची आखलेली जाड काच), रक्त ओढून पातळ करायच्या दोन पिपेट (लाल पेशींसाठी लाल मण्याची, पांढऱ्या पेशींसाठी पांढऱ्या मण्याची), हिमोग्लोबिन मोजायचं साहलीचं हिमोग्लोबिनोमीटर, चार स्लाइडी आणि एक टोचणी. कॉम्बो घेतला तर स्टेथोस्कोप, डायलचं बीपी यंत्र, हातोडी आणि ट्यूनिंग फोर्क. 'बधुं आवी गयुं' म्हणत दुकानदार झाकण लावतो. सगळं आलेलं असतं हे खरं. पण सगळं सगळ्यांना लागत नाही, आणि ज्याला जे खरोखर लागतं तेच नेमकं डब्यात हलक्या दर्जाचं निघतं.

हा रिव्ह्यू त्या कंपनीचं नाव नसलेल्या डब्याचा आहे. पाचपैकी अडीच गुण. ते अडीच कशाचे आणि गेले ते कुठे, हे वस्तू हातात घेऊनच सांगता येईल.

पैसे घालायचे तर चेंबरमध्ये घाला. न्यूबॉअरची आखणी सगळीकडे सारखी असते: एकेक चौरस मिलिमीटरची ९ घरं. चार कोपऱ्यांतली घरं १६-१६ भागांत विभागलेली, त्यांत पांढऱ्या पेशी मोजायच्या. मधल्या घरात २५ चौकोन आणि त्या प्रत्येकात १६ बारीक घरं, म्हणजे एकूण ४००. लाल पेशींसाठी त्या २५ पैकी ५ चौकोन घ्यायचे, म्हणजे ८० बारीक घरं. कव्हर काच आणि आखणी यांच्यातलं अंतर ०.१ मिमी. ८० घरांवर मावणारा द्रव एक-पन्नासांश घनमिलिमीटर, रक्त २०० पट पातळ केलेलं, म्हणून मोजलेल्या आकड्याला १०,००० नी गुणायचं. पांढऱ्या पेशींत २० पट पातळ केलेलं रक्त आणि ०.४ घनमिलिमीटर द्रव, म्हणून ५० नी. जर्नलमध्ये हे सूत्र सगळेच लिहितात. त्यातलं ०.१ मिमी कशाच्या आधारावर टिकतं, हे मात्र फार थोडे विचारतात.

ते टिकतं कव्हर काचेवर. चेंबरसोबत यायला हवी ती काच जाड, साधारण ०.४ मिमीची आणि सपाट घासलेली असते. डब्यात मात्र पुष्कळदा साध्या स्लाइडीवर ठेवतात ती पातळ कव्हरस्लिप सरकवलेली असते. द्रव आत ओढला गेला की पृष्ठताणानं ती मधोमध वाकते. वाकणं फक्त ०.०१ मिमी धरा. तरी खोली १० टक्क्यांनी कमी झाली आणि मोजणीही तेवढीच घसरली. खऱ्या ५० लाखांचे ४५ लाख होतात आणि धडधाकट मुलगा स्वतःला ॲनिमिक समजून घरी फोन लावतो.

दुकानातच तपासायचं ते असं. चेंबरच्या दोन्ही बाजूंचे उंच कठडे मऊ कापडानं पुसा, कव्हर काच ठेवून दोन्ही अंगठ्यांनी कठड्यांवर हलकेच दाबा आणि चेंबर उजेडात तिरपा धरा. कठड्यांवर इंद्रधनुषी कडी दिसली म्हणजे काच नीट बसली. कडी दिसत नसतील आणि तिरपं करताच काच घसरत असेल, तर एकतर धूळ आहे किंवा काच चुकीची आहे. पुसूनही तेच होत असेल तर 'जाड कव्हर काच द्या' असं स्पष्ट सांगा. ती सुटी मिळते. दुकानदार 'बधी सरखी ज आवे' म्हणेल. सगळ्या सारख्या नसतात.

चेंबर दोन प्रकारचे येतात, साध्या काचेचा आणि चंदेरी मुलाम्यावर आखलेला. साध्यात रेषा दिसायला मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली आणि डायफ्रॅम बराच मिटून घ्यावा लागतो. एरवी न रंगवलेल्या लाल पेशीही धुऊन निघाल्यासारख्या होतात. चंदेरी महाग पडतो, पण त्यात रेषा उठून दिसतात. वर्षभरात दहाबारा प्रॅक्टिकल करून विषय सोडणाऱ्यानं साधा घ्यावा. लॅब टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यानं चंदेरीच घ्यावा, कारण त्याला हे काम नोकरीतही लागणार आहे. मोठ्या लॅबमध्ये पेशी यंत्र मोजतं, पण यंत्रानं संशय दाखवला की पडताळा मायक्रोस्कोपखालीच होतो. पाठीच्या कण्यातलं पाणी, सांध्यातला द्रव, वीर्यतपासणी ही कामं अजूनही अशा चेंबरवर होतात.

एक सावधगिरी. लाल पेशी ४० च्या लेन्सखाली मोजतात आणि जाड काचेमुळे लेन्सला खाली उतरायला फारशी जागा उरत नाही. बाजूनं डोळा ठेवून लेन्स काचेजवळ आणा, मग आयपीसमधून बघत वर वर नेत फोकस करा. उलटं केलंत तर कव्हर काच गेली, आणि डिपार्टमेंटची लेन्स गेली तर मामला महागात.

सगळं अचूक केलं तरी मोजणीत एक चूक उरतेच, आणि ती हाताची नसते. नॉर्मल माणसाच्या ८० घरांत सुमारे ५०० लाल पेशी येतात. पेशी कुठे बसेल हे नशिबावर, त्यामुळे एवढ्या मोजणीत वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे २२ ची हालचाल गृहीतच असते: साडेचार टक्के. पांढऱ्या पेशी ८,००० असतील तर चार घरांत १६० भेटतात, तिथं चूक ८ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून जर्नलमध्ये 'पांढऱ्या पेशी ७,८५०' असं लिहिलेलं पाहिलं की जाणकार परीक्षक त्या शेवटच्या पन्नासावर बोट ठेवतो. औषध संशोधनात जाऊ इच्छिणाऱ्यानं हे पहिल्या वर्षीच अंगात मुरवावं. तिथं पगार याच समजेचा मिळतो.

पिपेटला काउंटरवर तीन गोष्टी बघा. बल्बमधला मणी हलवून पाहा, तो मोकळा खुळखुळला पाहिजे. टोक नखावर हळूच फिरवा, टवका गेलेला असेल तर रक्त नीट ओढलं जात नाही आणि बोटालाही लागतं. खुणा काचेत कोरलेल्या असाव्यात, वरून रंगवलेल्या नकोत. रंगवलेल्या स्पिरिटनं पुसल्या जातात. लाल मण्याच्या पिपेटवर ०.५, १ आणि १०१. पांढऱ्या मण्याच्या पिपेटवर ०.५, १ आणि ११. डब्यात दोन्ही पिपेटच्या नळीचं रबर पहिल्याच पावसाळ्यात चिकट होतं. ते सुटं घेऊन बदलता येतं.

वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर थेंब गोल धरत नाही, पसरतो. पहिला थेंब पुसून टाकायचा, त्यात ऊतींमधलं पाणी असतं. रक्त ०.५ च्या पुढे गेलं तर कापसानं टिपून मागे आणू नका: कापूस पाणी आधी ओढतो आणि पेशी मागे राहतात. टोक कोरड्या बोटावर हलकेच टेकवा. वरच्या खुणेपर्यंत (१०१ किंवा ११) पातळ करायचा द्रव भरल्यावर पिपेट आडवी धरून दोन्ही तळव्यांत दोनतीन मिनिटं घोळवा. चेंबरमध्ये सोडण्याआधी पहिले दोनतीन थेंब फेका, कारण नळीच्या दांडीत शिरलेल्या द्रवात पेशीच नसतात. हे विसरलं की मोजणी फारच कमी येते आणि दोष चेंबरला लागतो. मग पिपेट ४५ अंशांत धरून थेंब कडेला टेकवायचा, काचेखाली तो आपोआप ओढला जातो. बाजूच्या खाचेत ओघळला तर पुसून पुन्हा. भरल्यावर दोनतीन मिनिटं पेशी खाली बसू द्या. मोजताना रेषेवर बसलेल्या पेशींपैकी वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या धरायच्या, बाकी दोन रेषांवरच्या सोडायच्या. कोपऱ्यांतल्या चार घरांत दहाबारापेक्षा जास्त फरक आला तर मिसळणं नीट झालेलं नाही. सरासरी काढून झाकू नका.

पण या पिपेट तोंडानं ओढायच्या, हीच त्यांची मोठी अडचण. रक्त आणि विषारी द्रव तोंडानं ओढू नये हे आता कुठल्याही लॅबचं पहिलं कलम आहे. डिपार्टमेंटमध्ये मायक्रोपिपेट असेल तर छोट्या ट्यूबमध्ये ०.३८ मिली टर्कचा द्रव आणि २० मायक्रोलिटर रक्त, झालं २० पट. लाल पेशींसाठी ३.९८ मिली हेयमचा द्रव आणि तेवढंच रक्त, झालं २०० पट. नोकरीत हीच पद्धत भेटते. टर्कच्या द्रवात ॲसिटिक आम्ल लाल पेशी फोडतं आणि जेन्शन व्हायोलेट पांढऱ्यांची केंद्रकं रंगवतं. हेयममध्ये मर्क्युरिक क्लोराइड असतं, ते सिंकमध्ये ओतायचं नाही. काही दुकानदार दोन्ही द्रवांच्या बाटल्या डब्यासोबत 'फ्री' देतात. त्यांवर तारीख नसते. नको म्हणा.

साहलीचं हिमोग्लोबिनोमीटर म्हणजे या डब्यातलं जुनं खोड, अजून तग धरून. मोजायची नळी, दोन बाजूंना तपकिरी काचेची तुलनापेटी, २० घनमिलिमीटरची पिपेट, काचेची काडी, ड्रॉपर. नळीत २० च्या खुणेपर्यंत डेसिनॉर्मल (एक-दशांश नॉर्मल) हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात पिपेटमधलं रक्त सोडायचं, वरचा स्वच्छ भाग आत ओढून पिपेट दोनतीनदा धुवायची, हलवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. या दहा मिनिटांत हिमोग्लोबिनचं ॲसिड हिमॅटिन होऊन रंग पक्का होतो. पाच मिनिटांत उरकणाऱ्याचं हिमोग्लोबिन कमीच येतं. मग डिस्टिल्ड वॉटर थेंबाथेंबानं टाकत रंग जुळवायचा. रंग बघताना काडी द्रवातून वर घ्या, पण नळीबाहेर काढू नका, तिला चिकटलेला द्रव वाया जातो. वाचन खालच्या वक्रावर, डोळ्यासमोर धरून, खिडकीच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली दोघांची वाचनं वेगळी येतात.

डब्यातल्या साहलीत दोन दोष वारंवार दिसतात. तुलनेच्या तपकिरी पट्ट्या दोन्ही बाजूंना एकसारख्या नसतात. पेटी रिकामी धरून उजेडात बघा, एक बाजू फिकट दिसली तर परत द्या. दुसरं म्हणजे नळी. फुटली तर दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो आणि ती पेटीत बसतेही. पण नळीचा आतला घेर वेगळा असेल तर तिच्यावरचे आकडे त्या पेटीच्या रंगाशी जुळत नाहीत. संपूर्ण सेट एकाच कंपनीचा हवा. कार्बन मोनॉक्साइडनं बांधलेलं हिमोग्लोबिन आणि मेटहिमोग्लोबिन या पद्धतीत हाती लागत नाही, म्हणून प्रमाण पद्धत सायनमेटहिमोग्लोबिनची, ५४० नॅनोमीटरवर वाचायची. नुसतं साहली येणाऱ्याला लॅबच्या मुलाखतीत पुढचा प्रश्न हाच येतो.

टोचणीबद्दल एकच वाक्य: डब्यातली पुन्हापुन्हा वापरायची सुई कचऱ्यात टाका आणि सीलबंद, एकदाच वापरायच्या लॅन्सेट घ्या.

कॉम्बोतली वस्तू कुणाला लागते, हे तुम्ही शिकून काय होणार यावर ठरतं. पदवीला 'फिजिऑलॉजी' हा स्वतंत्र विषय मुख्यतः पश्चिम बंगालमध्ये आहे. बडोद्यात तो मेडिकल, फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी यांच्या पहिल्या वर्षात येतो, किंवा महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र, जीवरसायन नि पोषणशास्त्र यांच्या आडून. बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ चं, विद्यापीठही त्याच वर्षीचं. वाघोडिया बाजूच्या खाजगी विद्यापीठांतून पॅरामेडिकलचे कोर्स आहेत. डबा मात्र सगळीकडे तोच.

स्टेथोस्कोप कॉम्बोत घेऊ नका. त्याच्या बेलला, म्हणजे पडदा नसलेल्या वाटीसारख्या बाजूला, पडदा असल्यासारखाच आवाज येतो, म्हणजे हृदयाचे खालच्या पट्टीतले आवाज गायबच. एमबीबीएसवाल्यानं चांगला वेगळा घ्यावा, कानाच्या टोकांचं तोंड पुढच्या बाजूला वळलेलं असावं. प्राणिशास्त्रवाल्याला स्टेथोस्कोप लागतच नाही.

बीपी यंत्र २०० पर्यंत फुगवून झडप बंद करा: मिनिटभरात चारपाच मिमीपेक्षा जास्त घसरलं तर गळतंय. हवा काढल्यावर काटा शून्यावर आला नाही तर बोलायलाच नको. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के हवी, लांबी ८० टक्के. बारीक दंडाला मोठा कफ लावला की प्रेशर खोटं कमी येतं, जाड दंडाला छोटा लावला की खोटं जास्त. डब्यातला कफ एकाच मापाचा असतो. पाऱ्याचं यंत्र विकत घेण्याचा विचार सोडा. पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराला भारतानं २०१८ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून पाऱ्याची उपकरणं काढून टाकण्याचीच दिशा आहे.

ट्यूनिंग फोर्क बहुधा २५६ हर्ट्झचा मिळतो. ऐकण्याच्या तपासणीला ५१२ चा सरस, हाडावरची थरथर तपासायला १२८ चा. फिजिओथेरपीवाल्यांनी १२८ चाच मागावा. हातोडीचं डोकं जड हवं. डब्यातली प्लॅस्टिकची गुडघ्यावर मारली तर रिफ्लेक्सपेक्षा हसू आधी येतं. बेडूक, त्याचा स्नायू आणि त्याचं आकुंचन नोंदवायचा फिरता ड्रम यांची यादी कुणी दिली तर ती जुनी आहे. ते प्रयोग आता संगणकावर होतात.

नोकरीचं बोलायचं तर डब्यातली कसब वेगळ्या यंत्रांवर चालू राहते, आणि जाहिरातींत 'फिजिऑलॉजिस्ट' हा शब्द क्वचितच असतो. शोधायचं ते ईसीजी आणि टीएमटी (चालत्या पट्ट्यावरची हृदयचाचणी), फुप्फुसांची चाचणी, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद), नर्व्ह कंडक्शन (मज्जातंतूंतून संदेश जाण्याचा वेग), झोपेची चाचणी, डायलिसिस, परफ्यूजन (हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त फिरवणारं यंत्र चालवणं) या नावांनी. ईसीजीत कागद सेकंदाला २५ मिमी, एका मिलिव्होल्टला १० मिमी. उजव्या-डाव्या हाताच्या तारा उलट लागल्या की 'लीड एक' हा आलेख उलटा पडतो, आणि ते ओळखणारा टेक्निशियन डॉक्टरचा वेळ वाचवतो. फुप्फुसांच्या चाचणीच्या स्पायरोमीटरला रोज ३ लिटरच्या सिरिंजनं तपासतात, ३ टक्क्यांच्या आत यायला हवं. नर्व्ह कंडक्शनमध्ये हात थंड असेल तर वेग घटतो, म्हणून कातडीचं तापमान ३२ अंशांवर आणल्याशिवाय रिपोर्ट काढू नये. झोपेच्या चाचणीत अख्खी रात्र ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. कंटाळा येणाऱ्यानं तिकडे जाऊ नये. या कोर्सांवर २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याची देखरेख आहे, तेव्हा फी भरण्याआधी कोर्स आणि संस्था मान्यताप्राप्त आहेत का हे लेखी मागा.

शिकवायची आवड असेल तर दोन वाटा. एमबीबीएस होऊन तीन वर्षांचं एमडी फिजिऑलॉजी, किंवा मेडिकल कॉलेजातली तीन वर्षांची एमएस्सी मेडिकल फिजिऑलॉजी आणि पुढे पीएचडी. दुसऱ्या वाटेनं येणाऱ्यांना मेडिकल कॉलेजात किती जागा, हे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, त्यामुळे ओळखीच्या प्राध्यापकांच्या दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर निर्णय घेऊ नका. साध्या एमएस्सीवाल्यांना लाइफ सायन्सेसचं सीएसआयआर नेट आणि गेट या राष्ट्रीय परीक्षा. औषध कंपन्या बडोद्याला परक्या नाहीत, अलेंबिक १९०७ पासून इथलीच. मात्र माणसांवरच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांचं मोठं केंद्र अहमदाबाद. तिथं पहिल्या महिन्यात ठरलेल्या मिनिटाला रक्त घेणं, नोंद त्याच क्षणी करणं, खाडाखोड न करता एक रेघ मारून सही करणं, एवढंच शिकवतात. २०१९ चे औषध चाचणी नियम वाचून गेलेला उमेदवार लगेच उठून दिसतो.

मग घ्यायचं काय? एमबीबीएसवाल्यानं अख्खा डबा न घेता चेंबर, दोन पिपेट आणि साहली सुटे, तपासून. फिजिओथेरपीवाल्यानं रक्ताचा संच डिपार्टमेंटमधून वापरावा आणि पैसे १२८ चा फोर्क, जड हातोडी, सांध्यांचा कोन मोजायचं गोनिओमीटर यांत घालावेत. लॅब टेक्नॉलॉजीवाल्यानं चंदेरी चेंबर आणि दोन जादा कव्हर काचा. विज्ञान शाखेवाल्यानं काहीच घेऊ नये, आधी विभागाची यादी येऊ द्यावी.

जुनं किट घेत असाल तर सीनियरकडून घेणं दुकानापेक्षा बरं, कारण चेंबर झिजत नाही. फक्त आखणीवर ओरखडे नाहीत ना, हे १० च्या लेन्सखाली बघा आणि पिपेटचा मणी सुकलेल्या रक्तानं चिकटलेला नाही ना, हे हलवून. चिकटला असेल तर रात्रभर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून, पाण्यानं आणि शेवटी ॲसिटोननं धुऊन पाहा. तरी सुटला नाही तर सुई घालू नका, आतून काच खरवडली जाते. आणि साहलीची नळी एका कंपनीची, पेटी दुसरीची असेल तर तो सेट फुकट मिळाला तरी राहू द्या.